२६/११ नंतरचा संयम : एक विचार

दिनांक २६ नोव्हेंबर २००८ रोजी समुद्रमार्गे आलेल्या दहा अतिरेक्यांनी मुंबईत १६६ जणांचे प्राण घेतले. आपल्या वर्सोव्यापासून फार दूर नसलेल्या विलेपार्ल्यालाही टॅक्सीत ठेवलेला बॉम्ब फुटला. पुढे कित्येक दिवस बँकेच्या काउंटरवर, लोकलमध्ये एकच प्रश्न ऐकू येई : सरकार पाकिस्तानवर हल्ला का करीत नाही?

प्रश्न रास्त होता. तत्कालीन परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांचेही प्रथम मत लष्करी उत्तर द्यावे असेच होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी ते लिहिले आहे, आणि संयमाचा निर्णय पुढे का पटला तेही. हल्ला झाला असता तर जगाने हे दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांचे नेहमीचे भांडण समजून दोघांनाही सारखेच दटावले असते. शिवाय पाकिस्तानी जनता आपल्या लष्करामागे उभी राहिली असती. मूळ गुन्हेगार बाजूलाच राहिले असते.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. येथे तोच निकष लावावा, असे मला वाटते. इच्छा तर त्या वेळी आपणा सर्वांनाच होती!

संयमामुळे हाती काय आले? तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन पकडून दिलेला कसाब न्यायालयात उभा राहिला, त्याला वकीलही मिळाला, आणि २०१२ मध्ये फाशी झाली. कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजला, हे पाकिस्तानला फेब्रुवारी २००९ मध्ये कबूल करावे लागले. परंतु तेथील खटला रखडला. आरोपी लखवी २०१५ मध्ये जामिनावर बाहेर आला. संयम चुकला नाही. त्यानंतरचा दबाव सैल पडला, असे माझे मत आहे.

पुढे सरकारने दुसरा मार्गही चोखाळला. २०१६ मध्ये उरीनंतर सर्जिकल स्ट्राइक झाला, तरी २०१९ मध्ये पुलवामा घडले. बालाकोटनंतरही २०२५ मध्ये पहलगामला २६ जण मारले गेले आणि ‘ऑपरेशन सिंदूर’ करावे लागले. अर्थात, संयमाने उरी टळली नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

२६/११ चा आरोपी तहव्वूर राणा एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून भारताच्या ताब्यात आला. मध्ये सोळा वर्षे गेली होती.