जुना खेळ आणि डिस्कमधला लपलेला कप्पा

एक्सबॉक्स ३६०च्या २० जीबीच्या हार्ड डिस्कमध्ये एक कप्पा होता, जो खेळणाऱ्याला कधी दिसतच नसे. नव्या यंत्रावर जुने खेळ चालत ते या कप्प्याच्या जोरावर. माझ्या लेखी गेमिंगच्या इतिहासातली ही सर्वांत विलक्षण जागा आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आयबीएमने आणली: दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या आणि क्षमता ५० लाख अक्षरांची. १९६४मध्ये त्याच कंपनीच्या सिस्टिम/३६०मुळे एकच प्रोग्राम लहानमोठ्या यंत्रांवर चालू लागला. २०००च्या प्लेस्टेशन २मध्ये सोनीने आधीच्या प्लेस्टेशनचा प्रोसेसरच बसवला आणि जुन्या सीड्या चालल्या.

आता २००१चा पहिला एक्सबॉक्स. इंटेलचा ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप, ६४ एमबी मेमरी आणि प्रत्येक यंत्रात हार्ड डिस्क. ती असणारच, या भरवशावर खेळ लिहिले गेले. डीव्हीडीवरचा माल आधी डिस्कवर उतरवायचा, मग तिथून भराभर वाचायचा. ‘ब्लिंक्स’ या खेळात तर काळ उलटा फिरवता येई, तो या डिस्कच्या बळावर.

पण मायक्रोसॉफ्टला ही डिस्क महाग पडली. चिप वर्षागणिक स्वस्त होते. डिस्कची क्षमता वाढते, मात्र मोटर, तबकडी आणि हेड यांचा खर्च एका मर्यादेखाली उतरत नाही. म्हणून २००५च्या एक्सबॉक्स ३६०मध्ये ती काढता-घालता येणारी केली आणि २९९ डॉलरच्या ‘कोअर’ यंत्रात दिलीच नाही. हा निर्णय मला आजही पटत नाही. स्वस्त यंत्र घेणाऱ्याचे जुने खेळ त्या दिवशी मुके झाले.

कारण नव्या यंत्रात आयबीएमचा पॉवरपीसी प्रोसेसर आणि एटीआयची ग्राफिक्स चिप होती. इंटेलसाठी लिहिलेली एकही सूचना त्यांना थेट कळत नव्हती. इम्युलेटर ती चालता चालता बदलून देई. त्यातही प्रत्येक खेळाच्या खोडी निराळ्या, म्हणून प्रत्येकाची जुळणी स्वतंत्र. हा सगळा संसार त्या लपलेल्या कप्प्यात होता. २००७च्या अखेरीपर्यंत चालणाऱ्या खेळांची यादी साडेचारशेच्या पुढे गेली. घरी इंटरनेट नसेल, तर दुसरीकडून फाइल सीडीवर उतरवून आणायची सोय होती.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका कारागिराने मला असं यंत्र दाखवलं. गिऱ्हाइकाने त्यात लॅपटॉपची मोठी डिस्क बसवून घेतली होती. नवे खेळ झकास चालत, पण ‘हेलो २’ काही सुरू होईना. जागा भरपूर होती, कप्पाच नव्हता. त्याने तो पुन्हा तयार करून फाइली भरल्या आणि २००४चा तो खेळ पडद्यावर आला. तो कारागीर माझ्याइतकाच खूश झाला.

२०१५मध्ये एक्सबॉक्स वनने वेगळी वाट धरली. जुनी डीव्हीडी तिथे फक्त मालकीचा पुरावा. अख्खा खेळ कंपनीच्या सर्व्हरवरून डिस्कवर उतरतो. चित्र अधिक स्वच्छ दिसतं, हे खरं. तरी मला ३६०चीच रीत जवळची वाटते, कारण तिथे खेळ आपल्या डीव्हीडीवरूनच चालतो.