वस्तरा हाती घेताना

नागपुरात आज कुठल्याही कटिंगच्या दुकानात दाढीला बसलं, तर कारागीर हातात वस्तराच घेतो. पण त्या वस्तऱ्याला स्वतःची धार नसते. दोन धारांचं ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचं, त्यातलं अर्धं खाचेत सरकवायचं, दाढी झाली की फेकून द्यायचं. धार कारखान्यातून येते आणि कचऱ्यात जाते. ज्याचं पातं वर्षानुवर्षं तेच राहतं आणि ज्याची धार वापरणाऱ्यानेच राखायची असते, तो खरा वस्तरा महाल-इतवारीतल्या एखाद्या जुन्या दुकानाच्या खणात फडक्यात गुंडाळलेला सापडतो.

हा बदल योग्यच होता. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ साली चेन्नईत आढळले. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना उभी राहिली आणि रक्तातून पसरणाऱ्या रोगांची माहिती गावोगाव जाऊ लागली. एकच पातं दिवसभर अनेकांच्या गालांवरून फिरणं धोक्याचं होतं. एचआयव्हीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, हिपॅटायटिस ‘बी’ या काविळीचा धोका त्यात होता. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत नवं ब्लेड काढायची रीत त्यातूनच पक्की झाली. मात्र तिच्यासोबत वस्तरा पाजळायची विद्या दुकानातून उठली. आज खऱ्या वस्तऱ्याला योग्य जागा उरली आहे ती घरात, एका माणसाच्या एका चेहऱ्यासाठी. म्हणून तो शिकायचा तर स्वतःच्या गालावर चालवायलाच शिकावा लागतो.

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत फेकायचं ब्लेड की वस्तरा, ही निवड कुणापुढेच नव्हती. फेकून द्यायच्या ब्लेडचा किंग कॅम्प जिलेटचा रेझर १९०३ मध्ये बाजारात आला, तेव्हा वर्षभरात अवघे ५१ रेझर खपले. पुढच्याच वर्षी तो आकडा ९० हजारांच्या वर गेला, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या सामानात हा रेझर पोहोचल्यावर घरोघरची सवयच बदलली. त्याआधी दाढी म्हणजे वस्तरा, आणि आपल्याकडे वस्तरा म्हणजे न्हावी.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये निघाला. त्यात या समाजाच्या नोंदीत ‘नाई’सोबत ‘म्हाली’ हे आपल्या भागातलं नावही आहे, आणि न्हाव्याच्या वैदूपणावर वेगळा भाग आहे. दाढी-डोई, नखं काढणं, अंग रगडणं, लग्नातले मान आणि गळू फोडण्यासारखी बारीक शस्त्रक्रिया, सगळं एकाच धोकटीतून निघे. त्र्यंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ त्याच्या आदल्याच वर्षीचं, १९१५ चं. त्यातही बलुतेदारांमध्ये न्हावी आहेच: कामाचा मोबदला सुगीला धान्याच्या रूपात, आणि काम वर्षभर. ही विद्या बाप मुलाला हाताला हात लावून शिकवत असे. पॅरिसच्या झाँ-झाक पेरे या शस्त्रकाराने स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर १७६९ मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडे असं पुस्तक लिहायची गरज कुणाला वाटली नाही, कारण ज्याला न्हावी बोलावता येत होता त्याला शिकायचं कारण नव्हतं.

आणि ज्याच्याकडे न्हावी जातच नसे, त्याला शिकल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत साताऱ्याच्या बालपणाबद्दल हे लिहून ठेवलं आहे. साताऱ्यात न्हावी नव्हते असं नाही, पैसे द्यायची ऐपत नव्हती असंही नाही. पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. घरातल्या मुलांची हजामत थोरली बहीण करायची, आणि भावंडांवरच हात बसवत ती या कामात तरबेज झाली होती. कुणाच्या दुकानात उमेदवारी नाही, अंगणात येऊन दाखवणारं कुणी नाही. मराठीत हजामत शिकण्याविषयी काहीही लिहायचं तर पहिलं स्मरण या बहिणीचं व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आपण आज हौस म्हणून जे शिकतो, ते तिच्यावर लादलेलं होतं, आणि तरी तिने ते उत्तम करून दाखवलं.

गांधीजींनाही दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या गोऱ्या न्हाव्याने नकार दिला होता. त्यांनी केस कापायचं यंत्र विकत घेऊन आरशासमोर स्वतःच केस कापले. आत्मकथेत ते सांगताना, आपणही आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांची हजामत करू देत नाही, याची आठवण त्यांनी स्वतःला करून दिली आहे.

पण सारा दोष वस्तरा धरणाऱ्यावर टाकून चालणार नाही. विधवांच्या केशवपनासाठी याच समाजाला बोलावलं जाई, आणि १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी ठरवलं की विधवेच्या डोक्यावर वस्तरा ठेवणार नाही. पोटाचा धंदा सोडून नाही म्हणायला मोठी हिंमत लागते. ज्या हातांनी गावाच्या रूढी पाळल्या, त्याच हातांनी ही रूढी नाकारली.

नागपूरशी या हत्याराचं आणखी एक नातं आहे. भिक्खूच्या आठ परिष्कारांत चीवर, पात्र, सुई यांच्यासोबत वस्तराही येतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. आंबेडकरांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर हे शहर बौद्ध जीवनाचं मोठं केंद्र झालं. इथे श्रामणेर दीक्षा घेणाऱ्या माणसाचं पहिलं पाऊल मुंडनाचं असतं. बुद्धकथेतला उपाली हा शाक्य राजपुत्रांचा न्हावी. राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला गेले तेव्हा त्यांनीच विनंती केली की उपालीला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावं लागेल आणि आमचा अहंकार गळेल. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचं पठण याच उपालीने केलं.

आता प्रत्यक्ष शिकण्याकडे वळू. सुरुवात गालापासून होत नाही, पट्ट्यापासून होते. इतवारीतल्या एका वयस्क कारागिराकडे मी गेलो, तेव्हा काकांनी साबणाला हातच लावू दिला नाही. चामड्याचा पट्टा खिडकीच्या गजाला अडकवला, दुसरं टोक ताणून धरलं आणि वस्तरा सपाट ठेवून पुढे-मागे चालवून दाखवला. “पाठ पुढे ठेवा जी, धार मागून येऊ द्या. पलटवाचं ते पाठीवर. धारेवर पलटवलं तं पट्टाही गेला न् धारही गेली.” मनगट जवळजवळ हलत नव्हतं, वस्तरा बोटांच्या पेरांत गोल फिरत होता आणि चामड्यावरून एकसारखा आवाज येत होता. तो आवाज मध्येच बदलला की पातं कुठेतरी उचललं गेलं, हे ते न बघता ओळखत.

पट्ट्याचं काम धार तयार करायचं नव्हे. धारेची कड एका मायक्रॉनहूनही बारीक असते आणि दाढीचा केस तिच्या कितीतरी पट जाड. एका दाढीत ती कड जागोजागी वाकते, चामडं तिला पुन्हा सरळ करतं. धार खरी घडते दगडावर, आणि तिथे वस्तऱ्याच्या रचनेतली हुशारी दिसते. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकवायच्या, म्हणजे कोन हाताने सांभाळावा लागत नाही. पाठीची जाडीच तो ठरवते.

पोलादापेक्षा केस सुमारे पन्नासपट मऊ. तरी धार बोथट का होते? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून बघितली आणि २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये उत्तर छापलं. केस वाकून पात्याशी कोनात भिडला आणि नेमकं तिथे पोलादाची आतली घडण एकसारखी नसली, तर धारेचा बारीक टवका उडतो. म्हणजे चांगला वस्तरा हा पोलादाच्या घडणीचा प्रश्न आहे. नागपूरहून हैदराबादच्या महामार्गाने निघालं की गोदावरीच्या दोन्ही तीरांवर, निर्मल आणि कोनसमुद्रम् भागात, एकेकाळी जगप्रसिद्ध वूट्झ पोलाद होत असे. इराणचे व्यापारी ते घ्यायला येत. या भारतीय पोलादाचं गुपित शोधायला लंडनमध्ये जेम्स स्टोडार्ट हा शस्त्रकार आणि तरुण मायकेल फॅरडे १८१९च्या सुमारास बसले. त्या प्रयोगांतून निघालेल्या मिश्रधातूचे वस्तरे फॅरडे पुढे मित्रांना भेट देत असे.

चेहऱ्यावर वस्तरा लावायचा तो आंघोळीनंतर. कोमट पाणी दोन-तीन मिनिटं मुरलं की केस फुगून नरम होतात. सुरुवातीला फक्त दोन्ही गाल करावेत, हनुवटी, ओठांवरची जागा आणि गळा नेहमीच्या रेझरने. डाव्या हाताने कातडी ताणून धरायची, पाठ गालापासून साधारण तीस अंशांवर, आणि केसांच्या कलानेच खाली यायचं. आखूड हात, शून्य दाब. पातं बाजूला सरकलं की कापलंच. ते फक्त पुढे जाऊ शकतं. उलटा हात पुष्कळ महिने नको. वस्तरा केस ओढतोय असं वाटलं तर नवशिका जोर लावतो, आणि बहुतेक जखमा तिथेच होतात. तेव्हा थांबायचं आणि पट्ट्याकडे जायचं. शेवटी तुरटी फिरवली की जिथे जिथे कातडी सोलली गेली तिथे ती झोंबते, आणि हात कुठे चुकला ते सांगते.

नागपूरच्या हवेची काळजी वेगळी घ्यावी लागते. मे महिन्यात कूलर-पंखा चालू ठेवून दाढी करू नये. एक गाल होईस्तोवर दुसऱ्यावरचा फेस वाळतो, आणि मग खरोखरच बिनपाण्याची होते. बोअरच्या जड पाण्यात साबण फेस धरत नाही, नळाचं पाणी वापरावं. पावसाळ्यात उलटा त्रास. कार्बन पोलादाला रात्रीत गंज चढतो, म्हणून पुसून, वाळवून शिवणयंत्राच्या तेलाचा हात द्यावा. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं.

दगडावर मात्र पहिलं वर्षभर स्वतः जाऊ नये. पट्ट्यावर हात बसायच्या आधी दगडावर गेलं तर चांगलं पातं वाया जातं. वस्तरा पाजळणारे कारागीर शहरात अजून आहेत, आणि त्यांची परिस्थिती बरी नाही. २०२० च्या टाळेबंदीनंतर २८ जूनला महाराष्ट्रात सलून उघडली, पण केस कापायची परवानगी होती, दाढीची नव्हती. नाभिक संघटनांनी त्या दिवसांत आंदोलनंही केली. त्याच काळात अनेक घरांतले पुरुष स्वतःची दाढी स्वतः करू लागले आणि दुकानात परतलेच नाहीत. तेव्हा अशा कारागिराकडे जायचं ते शिष्य म्हणून जावं. कोणता दगड कधी, शेवटचे फेरे किती हलके, बिघडलेली धार प्रकाशात धरून कशी ओळखायची, हे त्यांनाच विचारावं. आणि पैसे दाढीच्या दराने देऊ नयेत. मुलांच्या गणिताच्या शिकवणीला तासाचे जितके मोजतो तितके द्यावेत. ते स्वतः मागणार नाहीत, म्हणून आकडा आपणच आधी सांगावा.