मध्यरात्री नागपूरला भेटणारी विमाने

१९५० साली मुंबईच्या एखाद्या व्यापाऱ्याने सायंकाळी मद्रासला (आजचे चेन्नई) पत्र टाकले, तर ते मध्यरात्री कोठे असे? नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर!

जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून रोज रात्री एकेक डाकोटा विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघे. चारही विमाने नागपूरला येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परते. आगगाडीला जे टपाल पोचवायला दिवसाहून अधिक काळ लागे, ते आता एका रात्रीत पोचू लागले.

पण नागपूरच का? उत्तर तुमच्या भूमितीच्या पुस्तकात आहे.

नकाशावर ही चार शहरे जोडून चौकोन काढा. आता त्याचे कर्ण काढा : दिल्ली–मद्रास आणि मुंबई–कलकत्ता. ते नागपूरच्या जवळच एकमेकांना छेदतात. नागपूरपासून विमानमार्गाने दिल्ली सुमारे ८५५ कि.मी., मद्रास ९१०, मुंबई ६८५ आणि कलकत्ता ९८५ कि.मी. आहे. दिल्ली–मद्रास सरळ अंतर सुमारे १,७६० कि.मी.; नागपूरमार्गे ते भरते १,७६५. मुंबई–कलकत्ता सरळ १,६६५, नागपूरमार्गे १,६७०. म्हणजे वाट वाकडी होते ती जेमतेम पाच किलोमीटरने!

त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते, हे तुम्ही शिकला आहात. म्हणून कर्णांच्या छेदनबिंदूखेरीज दुसरा कोणताही बिंदू घेतला, तर चारही अंतरांची बेरीज वाढणारच. कागद घेऊन पडताळून पाहा.

शिवाय, चार शहरांच्या जोड्या सहा होतात. प्रत्येक जोडीसाठी वेगळे विमान ठेवायचे, तर सहा मार्ग हवेत. नागपूरला भेटल्यामुळे चार मार्गांत काम भागले.

आता वेळेचे गणित करू. डाकोटाचा वेग ताशी २७० कि.मी. धरा आणि चारही विमाने रात्री १ वाजता नागपूरला उतरवायची आहेत, असे समजा. कलकत्त्याच्या विमानाला ३ तास ३९ मिनिटे लागतील, म्हणून त्याने ९ वाजून २१ मिनिटांनी निघावे. मद्रासचे ९.३८ ला, दिल्लीचे ९.५० ला आणि मुंबईचे १०.२८ ला. म्हणजे कलकत्त्यापेक्षा मुंबईकराला पत्र टाकायला तासाहून अधिक सवड! मात्र यात एक मेख आहे. कलकत्त्याचे विमान वादळामुळे तासभर उशिरा आले, तर उरलेल्या तिघांनी काय करावे? थांबले तर चारही शहरांचे टपाल उशिरा पोचणार. निघून गेले तर कलकत्त्याची पत्रे मागे राहणार. सर्वांची गाठ एका ठिकाणी घालण्याची ही किंमत आहे.

ही सेवा ऑक्टोबर १९७३ पर्यंत चालली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत फेडरल एक्सप्रेस या कंपनीने मेम्फिस शहरी रात्री विमाने एकत्र आणून पार्सले वाटण्यास सुरुवात केली. युक्ती तीच, आणि नागपूरला ती चोवीस वर्षे आधीपासून चालू होती!

आता तुमच्या जिल्ह्यातील चार गावे निवडा आणि त्यांचे ‘नागपूर’ शोधा. आणि एक गाव उरलेल्या तिघांच्या त्रिकोणाच्या आत पडले, तर? तेव्हा हा बिंदू कोठे येईल, हे वर्गात गुरुजींबरोबर सोडवून पाहा.