स्वतःच्याच निबंधातले वाक्य

समजा, आपण एक निबंध लिहून नुकताच बाजूला ठेवला आणि कोणी विचारले, "यातले एखादे वाक्य न बघता सांगा." हे फारसे जड जाऊ नये. अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये बॉस्टन परिसरातील विद्यापीठांमधून आलेल्या ५४ जणांना हेच विचारले गेले. त्यांचे तीन गट केले होते. एकाने चॅटजीपीटी वापरून लिहायचे, दुसऱ्याने इंटरनेटवर शोध घेऊन आणि तिसऱ्याने फक्त स्वतःच्या डोक्याने. वेळ २० मिनिटे. पहिल्या बैठकीत चॅटजीपीटी गटातील १८ पैकी १५ जणांना आपल्याच निबंधातले वाक्य सांगणे जड गेले. इतर गटांत असे दोन-दोनच निघाले.

डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतील विद्युत्-लहरीही नोंदल्या होत्या. मेंदूच्या निरनिराळ्या भागांमधील दुवे स्वतः लिहिणाऱ्यांत सर्वांत बळकट, तर चॅटजीपीटी गटात सर्वांत क्षीण दिसले. यावरून 'मेंदू गंजतो' असे म्हणण्याची घाई मात्र आपण करू नये. काम दुसऱ्यावर सोपवले की मेंदूला श्रम कमी पडणारच! शिवाय प्रयोग लहान होता आणि २०२५ साली तो जाहीर झाला तेव्हा इतर तज्ज्ञांनी तपासलेला नव्हता.

वाक्य आठवत नाही, यात नवल नाही. स्लामेका आणि ग्राफ या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ सालीच दाखवले होते की, नुसत्या वाचलेल्या शब्दापेक्षा पहिल्या अक्षरावरून स्वतः शोधून काढलेला शब्द अधिक लक्षात राहतो. शब्दासाठी अडणे, लिहिलेले खोडणे, पुन्हा मांडणे यात वेळ जातो खरा, पण शिकणे घडते ते तिथेच.

मग हे साधन वर्गाबाहेरच ठेवावे का? २०२३ साली तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा प्रयोग झाला. सरावाच्या वेळी साधा चॅटबॉट मिळालेल्यांचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले. पुढे तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तो कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांना १७ टक्के कमी गुण पडले. बरेच जण त्याच्याकडे सरळ उत्तरच मागत होते. तिसऱ्या गटाच्या चॅटबॉटला मात्र, उत्तर न देता शिक्षकांनी ठरवलेल्या सूचना देत पुढे न्यायचे, असे बजावले होते. त्या गटाचे नुकसान बहुतांशी टळले.

साध्या चॅटबॉटवर सराव केलेल्यांना परीक्षेनंतरही आपण कमी शिकलो असे वाटत नव्हते.