बाकापर्यंतची वाट

दहावीच्या निकालाच्या दिवशी मंडळ तीन आकडे जाहीर करतं: नोंदणी किती, प्रविष्ट किती, उत्तीर्ण किती. २०२५ साली राज्यातल्या नऊ विभागीय मंडळांत १५,५८,०२० नियमित विद्यार्थ्यांनी नोंदणी केली, १५,४६,५७९ जण परीक्षेला बसले आणि १४,५५,४३३ उत्तीर्ण झाले. निकालाचे ९४.१० टक्के निघतात ते शेवटच्या दोन आकड्यांवरून. पेढे, हार, मुलाखती सगळं त्या टक्केवारीभोवती. पण पहिल्या दोन आकड्यांच्या मधे अकरा हजारांहून जास्त मुलं आहेत. त्यांचे फॉर्म भरले गेले, आसन क्रमांक पडले आणि बाक रिकामे राहिले.

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात दहावीला शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांचं दुसरं सत्र याच दोन आकड्यांच्या मधे जातं. शिकवणं तर असतंच. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते तिथपासून पहिल्या पेपरपर्यंत शाळेत जे चालतं, त्यातलं बरंचसं कुठल्याच अहवालात येत नाही. त्यातलेच हे काही किस्से.

साडेसातचा तास

आमचं दुसरं सत्र आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम मागेपुढेच सुरू होतात. दसरा झाला की मुकादमांच्या, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदारांच्या, गाड्या गावात लागतात. घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडायची असते. एकेक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, सांगली, कोल्हापूर, सातारा, नाहीतर थेट कर्नाटकाच्या वाटेला लागते. लहान लेकरं बरोबर जातात. दहावीचं पोर मात्र आजीजवळ ठेवतात, कारण त्याची परीक्षा आहे. हा निर्णय घेताना त्या आईबापांनी घरातले दोन काम करू शकणारे हात मागे सोडलेले असतात. शिकायला पाठवण्याची किंमत इथं अशी मोजली जाते.

एका वर्षी नोव्हेंबरमध्ये शिक्षकांची बैठक बसली. जादा तास सकाळी साडेसातला घ्यायचा, असं जवळजवळ ठरलंच होतं. चहा घेऊन आलेले शिपाईमामा दारातच थांबले आणि म्हणाले, "सर, साडेसातला पोरी येणार न्हाईत. त्यांच्या घरी आता त्याच आई हायेत." बैठक गप्प झाली. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुली पहाटे उठून भाकरी थापतात, धाकट्या भावाचा डबा भरतात, आजीचं औषधपाणी करतात आणि मग दप्तर उचलतात. जादा तास संध्याकाळी शाळा सुटल्यावर गेला आणि हजेरी भरली. वेळापत्रकातला तो बदल मामांचा होता, हे मी आवर्जून सांगतो.

ब्राझीलचा ऊस

दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना आहे. मुलं पाठ करतात: ॲमेझॉनचं खोरं, पर्जन्यछायेचा प्रदेश, कॉफीचे मळे. जगात सर्वांत जास्त ऊस ब्राझीलमध्ये पिकतो, हे सांगितल्यावर मात्र आमचा वर्ग सावरून बसतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा एरवी तोंड उघडत नसे. त्याने विचारलं, "सर, तिथला ऊस कोण तोडतं?"

पूर्वी हातानं तोडत, आता साओ पाउलोकडे बहुतेक तोडणी यंत्रानं होते, असं मी सांगितलं. तो लगेच म्हणाला, "मग तोडणारे कुठं गेले?"

तो तास त्या प्रश्नावरच संपला. यंत्र आलं की कोणाचं काम जातं, कोणाची पाठ मोकळी होते, मधल्या काळात घर कशावर चालतं, यावर मुलं तावातावाने बोलत होती. व्यवसाय आणि अर्थव्यवस्थेचा एवढा जिवंत पाठ मला पुस्तकातून उभा करता आला नसता. त्या मुलाने पुढे सराव परीक्षेत भूगोलाचा पेपर पहिल्यांदा पूर्ण सोडवला.

भाऊसाहेब आणि आईचं नाव

परीक्षेचे अर्ज ऑनलाइन भरून झाले की मंडळाकडून प्री-लिस्ट येते. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, विषय, सगळं विद्यार्थ्याने तपासून सही करायची. लेखी नियमानं काम एवढंच. आमचे लिपिक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, तेवढ्यावर थांबत नाहीत. ते जनरल रजिस्टर शेजारी उघडतात, आधार मागतात आणि एकेका मुलाला समोर बसवून अक्षर अन् अक्षर वाचून घेतात. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख माणसाला जन्मभर पुरते. नोकरी, पासपोर्ट, पेन्शन, सगळीकडे तोच कागद पुढे करावा लागतो. वेलांटी चुकली तर नंतर किती खेटे घालावे लागतात, ते भाऊसाहेबांनी जुन्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिलेलं आहे.

एका मुलाच्या बाबतीत आईची नावं दोन निघाली. मुलाला माहीत होतं ते लग्नात ठेवलेलं नाव, आणि रजिस्टरलाही तेच. आधारवर तिच्या माहेरचं. आजी म्हणाली, कुठलंबी लावा. भाऊसाहेबांनी फोन लावला. फडात ऊस तोडणं चालू होतं, मागून माणसांचे आवाज येत होते. भाऊसाहेब म्हणाले, "बाई, पोराच्या प्रमाणपत्रावर तुमचं नाव येणार हाय. तुम्हाला कोणतं लावायचं?"

पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग ती म्हणाली, "बापानं ठिवलेलं लावा." त्यासाठी अर्ज आणि आधारची प्रत जोडून रजिस्टरमधली नोंद दुरुस्त करावी लागली. भाऊसाहेबांनी तेही स्वतः मागे लागून करून घेतलं. आपलं नाव कोणतं लिहायचं, हे त्या बाईला बहुधा पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं होतं.

प्रयोगशाळेचा दिवा

प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा फेब्रुवारीत येतात. डिसेंबरात एक मुलगा 'आठ दिवसांसाठी' म्हणून फडावर गेला. वडिलांच्या हाताला कोयता लागला होता आणि जोडी मोडली की कामच थांबतं. आठ दिवसांचा महिना झाला. वर्गशिक्षकांनी मुकादमाचा नंबर मिळवला. त्याच्याशी हुज्जत घातली नाही. एवढंच विचारलं की याच्या जागी दुसरा माणूस कधी मिळेल. रोज फोन सुरू ठेवला. जानेवारी संपता संपता मुलगा एसटीने परत आला. तळहाताला घट्टे पडले होते आणि प्रयोगवही कोरी होती.

कोणीतरी सुचवलं की मित्रांच्या वह्या बघून उतरवून घेऊ दे. प्रयोगशाळा सहायकांनी ते मानलं नाही. ते म्हणाले, "त्याला प्रयोग करू द्या, वही आपोआप भरंल." शाळा सुटल्यावर ते थांबायला लागले. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा सोडला आणि त्याच्यावर तांब्याचा लालसर थर चढताना त्या मुलाने बघितला. बेरिअम क्लोराइडमध्ये सोडिअम सल्फेट पडताच पांढरा साका बसला. बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर काढताना समोरचा लिंब कागदावर उलटा उमटला, तेव्हा तो मोठ्याने हसला. लेखी परीक्षेनंतर 'आऊट ऑफ टर्न' प्रात्यक्षिक देण्याची सोय मंडळाने ठेवलेली आहे, पण त्याला ती लागली नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलेल्या प्रश्नांना त्याने थांबत थांबत, स्वतःच्या शब्दांत उत्तरं दिली. पाठांतर करून आलेल्या मुलांच्या उत्तरांपेक्षा ती जास्त खरी होती.

दोघांचा पेपर

हातात ताकद नसलेल्या एका विद्यार्थ्याला लेखनिक मंजूर झाला. नियमानुसार लेखनिक खालच्या वर्गातला असावा लागतो. नववीतली एक मुलगी पुढे आली. अशा विद्यार्थ्याला तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. तेवढा वेळ एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने त्याच गतीने लिहायचं, याला सराव लागतो. दोघं मधल्या सुट्टीत ग्रंथालयात बसू लागले. भूमितीच्या आकृतीसाठी त्यांनी स्वतःची बोलण्याची पद्धत बसवली: आधी बिंदू, मग रेष, मग माप. त्याने सांगितलेलं चुकीचं वाटलं तरी तिने तसंच लिहायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं. "उत्तर त्याचं आहे, मॅडम," असं ती म्हणाली. नववीतल्या मुलीला प्रामाणिकपणाचा धडा वेगळा शिकवावा लागला नाही.

आजीची झोप

संक्रांतीनंतर एक हुशार मुलगी दोन दिवस आली नाही. मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत आमच्या एका मॅडमच्या कानावर घातलं की तिच्या लग्नाची बोलणी चालली आहेत. आमच्या भागात शेवटच्या सत्रातली ही सर्वांत मोठी भीती. आईबाप दूर, घरी थकलेली आजी आणि वयात आलेली मुलगी. शिवाय लग्न झालं की नवा कोयता तयार होतो आणि त्याच्या नावाने उचल मिळते.

२००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे, गावपातळीवर ग्रामसेवक त्याचा अधिकारी आहे, १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे. मॅडमना हे सगळं ठाऊक होतं. तरी त्या अंगणवाडीताईंना घेऊन आधी आजीसमोर जाऊन बसल्या आणि विचारलं, एवढी घाई कशाची? आजी म्हणाली, "रातच्याला मला झोप लागत न्हाई बाई. कुणी दार वाजवलं तर मी म्हातारी काय करू?"

मग उपाय त्या भीतीवर शोधला. आजूबाजूच्या चार मुली आणि त्यांच्या आज्या अंगणवाडीताईंच्या घरी रात्री एकत्र राहायला लागल्या. मुली अभ्यास करत, आज्या गप्पा मारत. त्यानंतर ग्रामसेवकांनी आईवडिलांशी फोनवर बोलून कायदा समजावला, आणि गावी आल्यावर त्यांच्याकडून अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही, असं हमीपत्र लिहून घेतलं. कायद्याचा धाक होताच. पण आजीला झोप लागली, म्हणून बोलणी खरोखर थांबली, असं मला ठामपणे वाटतं.

पहिला पेपर

निरोप समारंभात नववीची मुलं सगळी सजावट करतात. आमच्याकडे पालकांच्या खुर्च्यांवर बहुतेक आज्या बसलेल्या असतात. भाषणं झाली की मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं हॉल तिकीट हातात पडतं, आणि त्याच संध्याकाळी शिक्षक दुसरी यादी करायला बसतात: केंद्र कुठल्या गावी, एसटी किती वाजता, कोण कोणाच्या गाडीवर जाणार, घड्याळ कोणाकडे नाही.

पहिल्या पेपरला केंद्रावर वेगळीच धावपळ चालते. परिरक्षकाकडून सीलबंद गठ्ठे घेऊन रनर पोहोचतो. पंचवीस प्रश्नपत्रिकांचं पाकीट वर्गात, दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घेऊन उघडलं जातं. अकराच्या ठोक्याला पेपर सुरू. फाटकाबाहेर आमच्यातला एकजण यादी घेऊन उभा असतो आणि आत गेलेल्या प्रत्येक नावापुढे खूण करतो. त्या वर्षी फडावरून आलेला मुलगा आला, लेखनिकाची जोडी आली, चौघी मुली एकाच रिक्षातून उतरल्या.

एक मुलगी आली नाही. मुकादमाचा फोन बंद, आजीच्या घराला कुलूप. तिच्यासाठी शाळेने जुलैची पुरवणी परीक्षा, आणि तीही हुकली तर पुढच्या परीक्षेला पुनर्परीक्षार्थी म्हणून फॉर्म, असा पाठपुरावा सुरू ठेवला.

हे सगळं शाळेच्या चांगुलपणावर चालतं आणि ते तसं चालू नये, असं मला मनापासून वाटतं. शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण आठवीपर्यंत आहे. नववी-दहावीचं मूल त्याच्या बाहेर पडतं, नेमकं जेव्हा ते कोयता धरण्याएवढं मोठं झालेलं असतं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली, हे मोठं पाऊल. पण तालुक्याच्या गावचं वसतिगृह प्रत्येक वाडीवस्तीवरच्या मुलीपर्यंत पोहोचत नाही. दिवाळीपासून परीक्षेपर्यंत ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या गावात रात्री राहायला, जेवायला आणि अभ्यासाला एक सुरक्षित खोली हवी. तिच्यासाठी इमारत बांधायची गरज नाही, शाळा रात्री रिकामीच असते. धान्य, वीज आणि एका काळजीवाहू बाईचं मानधन, एवढ्या खर्चात ती उभी राहते. त्या खोलीत पहाऱ्याला बसायला आमच्या गावच्या आज्या एका पायावर तयार आहेत. आता तयारी सरकारने दाखवायची आहे.