लाखात तीन अणू कमी

1972 साली फ्रान्समधल्या पिएरलात इथे युरेनियमची नेहमीची तपासणी चालू होती. यात तसं काही नवल नसतं. कुठल्याही खाणीतलं युरेनियम घ्या, दर लाख अणूंमागे 720 अणू युरेनियम-235चे निघतात, बाकीचे जवळजवळ सगळे युरेनियम-238चे. चंद्रावरून आणलेल्या दगडातही हेच प्रमाण. पण त्या नमुन्यात भरले 717.

लाखात तीन कमी! एवढ्याशा फरकाने कुणाची झोप का उडावी? कारण रसायनशास्त्राला हे दोन अणू जवळजवळ सारखेच असले, तरी मंद न्यूट्रॉन येऊन धडकला की सहज फुटतो तो 235. भट्टी त्याच्यावर चालते आणि बॉम्बही त्याच्यावरच होतो. शेकडा तीन-चार इतकं 235 असेल तर साध्या पाण्यावरची अणुभट्टी चालते. शस्त्राला ते नव्वदच्या आसपास लागतं. असा माल गहाळ झाला तर हिशेब लागेपर्यंत कुणी स्वस्थ बसत नाही.

माग काढत मंडळी पोचली आफ्रिकेतल्या गॅबॉनमधल्या ओक्लो खाणीत. तिथल्या काही खडकांत तर लाखामागे 440च अणू उरले होते. शिवाय त्या खडकांत निओडिमियम या मूलद्रव्याची समस्थानिकं, म्हणजे कमीजास्त वजनाचे अणू, सापडली, तीही अणुभट्टीतल्या जळलेल्या इंधनात असतात तशा प्रमाणात. म्हणजे चोरी झालीच नव्हती. युरेनियम जळून गेलं होतं, सुमारे 200 कोटी वर्षांपूर्वी!

तेव्हा पृथ्वीवर माणूस सोडाच, साधं गवतही नव्हतं. मग ही भट्टी पेटवली कुणी?

इथे दोन घड्याळं जुळून आली. युरेनियम-235 दर 70 कोटी वर्षांनी निम्मं होतं. 238ला निम्मं व्हायला सुमारे 450 कोटी वर्षं लागतात. त्यामुळे काळात जितकं मागे जावं तितकं 235चं प्रमाण वाढत जातं. ओक्लोच्या काळात ते शेकडा तीनहून जास्त होतं. म्हणजे आज आपण यंत्रांचा केवढा खटाटोप करून जे समृद्ध युरेनियम बनवतो, ते तेव्हा जमिनीत आयतं पडलेलं होतं! तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांना लागतं, साधारण तसंच.

मग त्याच्याही आधी अशा भट्ट्या का पेटल्या नाहीत? तेव्हा तर 235 आणखी जास्त होतं. उत्तर ऐकून थक्क व्हायला होतं: हवेत प्राणवायू नव्हता. प्राणवायू नसेल तर युरेनियम पाण्यात फारसं विरघळत नाही, वाहत नाही, एका जागी साठत नाही. सूक्ष्म जिवाणूंनी सूर्यप्रकाशावर जगता जगता हवेत प्राणवायू सोडला, तेव्हा कुठे पाण्याबरोबर युरेनियम ओक्लोला गोळा झालं. या अणुभट्टीचं इंधन जिवाणूंनी भरलं, असं म्हटलं तरी चालेल.

आणि ती फुटली कशी नाही? शेकडा तीनने बॉम्ब होत नाही, हे एक. दुसरं कारण पाणी. खडकात मुरलेलं पाणी न्यूट्रॉनचा वेग कमी करी आणि अणू फुटणं, म्हणजे विखंडन, सुरू होई. खडक तापला की पाण्याची वाफ होऊन निघून जाई. मंद न्यूट्रॉन मिळेनासे होत आणि भट्टी विझे. आपली इस्त्री तापली की आपोआप बंद होते आणि निवली की पुन्हा चालू होते, तसंच. खनिजात अडकलेल्या झेनॉन वायूवरून 2004 साली हे वेळापत्रकही काढलं गेलं: सुमारे अर्धा तास चालू, अडीच तास बंद. असं लाखो वर्षं!

पॉल कुरोडा या शास्त्रज्ञाने अशी नैसर्गिक भट्टी शक्य असल्याचं गणित 1956 सालीच मांडलं होतं. आपला सिद्धांत असा दगडात खरा ठरलेला किती जणांना पाहायला मिळतो?

या भट्टीत प्लुटोनियमही तयार झालं होतं. ते आपल्या जागेवरून फारसं हललंच नाही, म्हणून अणुकचरा खोल खडकात पुरण्याचा विचार करणारे आजही ओक्लोचा अभ्यास करतात. तिथला एक खडक व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात ठेवला आहे. कधी त्या बाजूला गेलात, तर चुकवू नका.