शेवटच्या घराचा बल्ब

पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीत तिन्हीसांजेला पिठाची गिरण लागली, की शेवटच्या घरातला बल्ब मिणमिणतो. दळण संपतं, बल्ब पुन्हा उजळतो. गिरण दिसत नाही, तिचा आवाजही येत नाही, पण घरातल्या बाईला कळतं, दळण चालू आहे म्हणून. तारेतून आलेला हा निरोप वाचायला फक्त एक भागाकार आणि एक गुणाकार लागतो.

भागाकार गेऑर्ग ओहमचा. कुलपं करणाऱ्या कारागिराचा हा मुलगा जर्मनीतल्या कोलोन शहरात मास्तर होता. १८२७ साली त्याचं पुस्तक आलं. तापमान तेच राहिलं तर तारेवरचा विजेचा दाब (व्होल्ट) दुप्पट केल्यावर तिच्यातला प्रवाहही (अँपिअर) दुप्पट होतो, हे त्याने दाखवलं. म्हणून व्होल्टला अँपिअरने भागलं की त्या तारेचा रोध मिळतो, ओहममध्ये. मायदेशात या कामाची फारशी कदर झाली नाही; लंडनच्या रॉयल सोसायटीने मात्र १८४१ साली त्याला कॉप्ली पदक दिलं. आता त्याच दोन आकड्यांचा गुणाकार करा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, म्हणजेच शक्ती. तार उघडायची नाही, कापायची नाही. बाहेरून दोन आकडे घ्यायचे आणि आतलं सगळं कळतं. शाळेत हे सूत्र पाठ करताना यातलं नवल कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

जुना पिवळा १०० वॅटचा बल्ब घ्या. २३० व्होल्टवर तो ०.४३५ अँपिअर घेतो. भागाकार केला की रोध येतो ५२९ ओहम. आता तोच बल्ब विझवून, होल्डरमधून काढून, गार झाल्यावर मल्टिमीटरवर मोजा. आकडा चाळिशीच्या आसपास दिसेल! मीटर बरोबर आहे आणि गणितही बरोबर आहे. पेटलेल्या बल्बमधली टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या घरात तापलेली असते आणि धातू तापला की त्याचा रोध वाढतो. म्हणजे बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी, तार गार असताना, बल्बमधून नेहमीच्या दहापटीहून जास्त प्रवाह धावतो. बल्ब बहुधा लावतानाच का उडतो, याचं उत्तर या एका भागाकारात आहे.

आता वाडीकडे. डीपीपासून, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरपासून, शेवटचं घर एक किलोमीटरवर आहे असं धरू. खांबांवरच्या तारांना वीजवाल्यांनी जनावरांची नावं दिली आहेत: डॉग, रॅबिट, वीझल, स्क्विरल. जनावर लहान तशी तार बारीक आणि रोध जास्त. वीझल तारेचा रोध किलोमीटरला साधारण एक ओहम. जायची एक तार आणि यायची एक, मिळून दोन ओहम. टोकाची घरं आणि गिरण मिळून २० अँपिअर घेत असतील, तर २० गुणिले २ म्हणजे ४० व्होल्ट वाटेतच खर्च होतात. डीपीवरून २३० निघाले, घरात १९० पोचले. (गिरणीच्या मोटरला शक्तिगुणांकही धरावा लागतो, तो इथे बाजूला ठेवला आहे.)

४० व्होल्ट गेले तर काय बिघडलं? पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड बघा. त्याचा रोध ३५ ओहम, आणि तो फारसा बदलत नाही. १९० व्होल्टवर प्रवाहही कमी होतो, त्यामुळे शक्तीला दोन्हीकडून कात्री लागते आणि ती हजार वॅटच्या जवळ येते. दाब सहाव्या हिश्शाने घटला, उष्णता मात्र तिसऱ्या हिश्शाने. १५ लिटरची बादली २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला जिथे १४ मिनिटं लागली असती, तिथे २० लागतात. विहिरीवरच्या मोटरचं उलटं होतं. पाणी तेवढंच वर चढवायचं असतं, म्हणून दाब कमी पडला की ती प्रवाह जास्त ओढते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, हे जेम्स जूलने १८४०च्या सुमारास दाखवलं. वाइंडिंग जळतं ते याच वर्गामुळे.

आणि तारेत काय झालं? २० गुणिले ४० म्हणजे ८०० वॅट. एवढी वीज नुसती तार तापवण्यात गेली. पण डीपीवरून निघालेली तीच ४६०० वॅट शक्ती, त्याच तारांतून, ११,००० व्होल्टवर पाठवून पाहा. प्रवाह उरतो ०.४२ अँपिअर आणि तारेतला तोटा अर्ध्या वॅटहूनही कमी. दाब ४८ पट वाढवला आणि नुकसान २,३०० पटींनी घटलं! म्हणून अकरा हजारांची लाइन वाडीच्या शक्य तितकी जवळ न्यायची आणि डीपी तिथे बसवायची. महाड तालुक्यातल्या वीर स्टेशनवरून जाणाऱ्या कोकण रेल्वेच्या तारेतही २५,००० व्होल्ट असतात. ४५ लाख वॅट ओढणाऱ्या इंजिनाला तिथे १८० अँपिअर पुरतात. घरातल्या २३० व्होल्टवर सुमारे १९,५०० लागले असते.

हे गणित पोलादपूर-महाडच्या याच रायगड जिल्ह्यात फार आधी वापरात आलं. महाडच्या उत्तरेला, माणगाव तालुक्यात, टाटांचं भिऱ्याचं वीजघर आहे. पूर्वेकडे वाहणाऱ्या मुळेचं पाणी मुळशीला अडवून ते सह्याद्रीवरून कोकणात उतरवलं आणि वीज लाखभर व्होल्टच्या दाबाने मुंबईला नेली. त्या धरणाखाली मावळातली गावं गेली, सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. ती किंमत कुठल्याच सूत्रात बसत नाही. भिऱ्याचं वीजघर सुरू झालं १९२७ साली, महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला त्याच वर्षी. ओहमच्या पुस्तकाला तेव्हा बरोबर १०० वर्षं झाली होती.